एक ओगराळं कमी

फॉर्मवर तळहाताएवढा चौकोन आहे:
'गावाचा संक्षिप्त इतिहास'.
त्याखाली आणखी एक, जरा लहान: 'सामाजिक सेवा'.
ग्रामसेवक म्हणाले, बुधवारी विट्याला पोचला पाहिजे,
तुमचं अक्षर बरं आहे.

किल्ला नाही आमच्याकडे. लढाई झाली नाही.
सावरटेकावरून कुठलं सैन्य गेलंच असेल
तर पाणी नाही बघून थांबलं नसावं.
जे गेले ते आमचेच गेले,
सोनं गाळायला: सेलम, कटक, गुवाहाटी,
आणि तिथून पाठवत राहिले
स्मशानाला शेड, शाळेला दोन खोल्या,
एक रुग्णवाहिका, जिला ड्रायव्हर
अजून कोणी पाठवलेला नाही.
रात्री-अपरात्री गिरणीवाला हैबती यमगर चालवतो,
अंगावर पीठ तसंच.

म्हणून मी भांड्यांची वही काढली.

लाल कापडी बांधणी, सुरुवात एकोणीसशे एकसष्ट.
पातेली अकरा, पराती सात, ताटं दोनशे चाळीस.
नेली कोणी, कशासाठी, परत किती.
इंदुमती गुरवचं लग्न. बाळकू सुताराचं तेरावं.
बहात्तरला सगळीच्या सगळी पातेली
पाझर तलावाच्या कामावर, सात महिने.
परतीच्या रकान्यात: 'बुडं काळी. चालतील.'

पहिल्या पानावर याद्या दोन आहेत.
गावची भांडी. खालच्या वस्तीची भांडी.
मधे रेघ, पट्टीनं ओढलेली.
चौऱ्याहत्तरनंतर यादी एकच.
ठराव नाही, सभा नाही, अंगठा नाही कुणाचा.
बाबालाल मुलाणी तेव्हा नवे शिपाई होते.
सांगतात, एका रात्री सगळी एकदम घासायला काढली
आणि सकाळी मलाच ओळखू येईनात.
ठिपके सगळ्यांवर सारखेच की,
ग्रा. पं. सा.
लोक? बोलले चार दिवस.
मग कुणाचं तरी लग्न आलं.

एकोणऐंशीपासून मात्र दर मार्चला शेवटच्या ओळीत:
'एक ओगराळं कमी.'
शाई बदलते, हात बदलतो, ओळ तीच.
माझ्या हातच्या नऊ.

गेल्या दिवाळीत सेलमहून एक पोरगा आला,
तमिळ हेलात मराठी बोलणारा.
पेपरात गुंडाळलेलं टेबलावर ठेवलं:
आजोबा जाताना म्हणाले, पंचायतीचं आहे, नेऊन दे.
पितळी ओगराळं. दांडा किंचित वाकलेला.

मी तशीच पळत बाबालालांकडे.
त्यांना आता दिसत नाही.
दांड्यावरून अंगठा फिरवला, ठिपक्या-ठिपक्यानं,
गेला तसा माघारी आणला.
'ग्रा. पं. हाय,' म्हणाले, 'पण म्होरं क हाय.
करंजदऱ्याचं हे, पोरी. आपलं न्हवं.'
आणि इतके हसले
की सून चुलीपासून उठून बाहेर आली.

शुक्रवारी एसटीच्या कंडक्टरकडे दिलं.
करंजदऱ्याच्या क्लार्कचा फोन आला, पोचलं.
आमच्यात वहीच नाही हो, म्हणाला,
कुठं जमा करू?
मी म्हटलं, कुणाचं तरी लग्न येईलच.

बुधवार उद्या आहे.
'सामाजिक सेवा'मध्ये लिहिलं:
मागेल त्याला भांडी मिळतात. घासून आणावीत.
बाहेर हैबती गाडी वळवतोय, कुणीतरी अडलंय वाटतं;
फाटा ओलांडेपर्यंत तो सायरन लावत नाही.
झोपलेल्यांना कशाला, म्हणतो.

वरचा चौकोन अजून कोराच.
बराच वेळ पेन टेकवून बसले, शाईचा थेंब उतरला,
मग त्या थेंबाशेजारीच लिहिलं:
सोबत वही जोडली आहे.
बघून परत करावी.